सर्टिफिकेटचं बिल: अन्नसुरक्षेचा खर्च नेमका कुठे होतो

"सर्टिफिकेट काढायला किती लागतात?" भाजी आणि फळं पिकवणाऱ्यांच्या अन्नसुरक्षेच्या कुठल्याही प्रशिक्षणात हा प्रश्न चहाच्या सुट्टीआधीच येतो. समोरचा माणूस ऑडिटची, म्हणजे शेत आणि वह्या तपासायला बाहेरून येणाऱ्या ऑडिटरची, फी सांगून मोकळा होतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. फी हा बिलातला सगळ्यात ठळक आकडा खरा, पण सगळ्यात मोठा क्वचितच. बाकीचा खर्च सुटा सुटा होतो: मजुरांच्या बुडालेल्या अर्ध्या दिवसात, प्रयोगशाळेत पाठवलेल्या पाण्याच्या बाटलीत, बदललेल्या क्रेटमध्ये आणि रात्री जेवण झाल्यावर वही भरण्यात जाणाऱ्या वीस मिनिटांत. त्याची पावती कोणी देत नाही, म्हणून तो हिशेबातही येत नाही.

पैशाकडे वळण्याआधी एक गोष्ट विचारून घ्यावी. हे सर्टिफिकेट मागतंय कोण? कायदा की गिऱ्हाईक?

दोन्हींत फरक आहे आणि तो न कळल्यामुळे लोक नको तिथे पैसे घालतात. अमेरिकेचं उदाहरण घ्या. तिथे जानेवारी २०११ मध्ये अन्नसुरक्षेचा नवा कायदा झाला आणि त्याखाली नोव्हेंबर २०१५ मध्ये ताज्या शेतमालासाठी वेगळे नियम आले. या नियमांत सर्टिफिकेट हा प्रकारच नाही. शेतावरच्या निदान एका जबाबदार माणसानं ठरलेलं प्रशिक्षण घेतलेलं असावं, पाणी, खत, मजुरांची स्वच्छता, अवजारं यांबाबत अमुक गोष्टी पाळाव्यात, आणि सरकारी तपासनीस आला तर त्याला ते दाखवता यावं, एवढंच. वर्षाला सरासरी २५,००० डॉलरपर्यंत शेतमाल विकणाऱ्यांना (हा आकडा महागाईप्रमाणे वाढत जातो) तेही लागू नाही. तरीही तिथले हजारो शेतकरी दरवर्षी पैसे मोजून ऑडिट करून घेतात, कारण ते दुकानांच्या साखळ्यांना हवं असतं.

युरोपातही सुरुवात गिऱ्हाइकाकडूनच झाली. १९९७ मध्ये तिथल्या मोठ्या किरकोळ विक्रेत्यांनी एकत्र येऊन युरेपगॅप नावाची नियमावली काढली. २००७ मध्ये तिचं नाव ग्लोबलगॅप झालं. तो कुठल्याच देशाचा कायदा नाही. पण ज्याला त्या दुकानांच्या फडताळावर माल ठेवायचा आहे त्याच्यासाठी तो कायद्यापेक्षा कडक आहे: कायदा मोडला तर दंड होतो, इथे दारच बंद होतं.

म्हणून खरेदीदाराकडून लेखी घ्या की सर्टिफिकेटची कोणती योजना (म्हणजे ग्लोबलगॅपसारखी नियमावली), कोणती आवृत्ती आणि कोणत्या पिकासाठी. एकाला चालणारा कागद दुसऱ्याला चालेलच असं नाही. ही डोकेदुखी कमी करायला २००० मध्ये जीएफएसआय नावाचा उपक्रम सुरू झाला. वेगवेगळ्या योजना एका मापाने तपासायच्या, म्हणजे त्यातली एक असली की सगळीकडे चालेल, असा विचार होता. काही प्रमाणात जमलं. तरी आजही एकाच शेतावरचं एकच संडास एका वर्षात तीन वेगवेगळे ऑडिटर येऊन बघून जातात, आणि तिघांचीही फी शेतकरीच भरतो.

अजून एक गल्लत नेहमी होते. सेंद्रिय सर्टिफिकेट म्हणजे अन्नसुरक्षेचं सर्टिफिकेट नव्हे. सेंद्रियचा दाखला सांगतो की काय वापरलं नाही. जंतू आहेत की नाहीत, हा त्याचा मुख्य विषय नाही. अर्थात काही ठिकाणी दोन्ही एकमेकांना भिडतात. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेणखत घातल्यापासून काढणीपर्यंत, खायचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस आणि लागत नसेल तर ९० दिवस जावे लागतात. गाजर आणि सफरचंद यांतला फरक त्या दोन आकड्यांत मावतो.

प्रशिक्षणात शिकवतात तरी काय?

वरवर पाहिलं तर आजीनं सांगितलेलंच: हात धुवा, घाण दूर ठेवा. पण खोलात गेलं की बऱ्याच समजुतींना धक्का बसतो.

पहिला धक्का पाण्याचा. भाजी धुतली म्हणजे ती स्वच्छ झाली असं आपण धरून चालतो. पॅकहाऊसमधल्या, म्हणजे माल धुवून-निवडून पेट्यांत भरायच्या जागेतल्या, टाकीत उलटंही घडू शकतं. शेकडो फळांत एकच घाणीने माखलेलं असेल, तर टाकीतलं पाणी त्याचे जंतू उरलेल्या सगळ्यांना वाटून टाकतं. त्या पाण्यात क्लोरीन घालतात ते फळ निर्जंतुक करण्यासाठी नव्हे. एका फळाचं दुसऱ्याला लागू नये म्हणून पाणीच साफ ठेवायला घालतात. आणि क्लोरीन नुसतं ओतून भागत नाही. पाण्याचा पीएच (आंबटपणाचं माप) साधारण साडेसहा ते साडेसातच्या मध्ये नसेल तर त्याचा जोर उतरतो, आणि पाणी माती-पाल्यानं गढूळ झालं की ते त्या कचऱ्यावरच खर्ची पडतं. म्हणून टाकीजवळ पीएचची पट्टी, क्लोरीनची पट्टी आणि एक वही लागते. ऑडिटर ती वही मागतो तेव्हा बऱ्याच जणांना वाटतं की हा कागदी घोडे नाचवतोय. पण त्या नोंदींशिवाय टाकी काम करत होती की नुसती ओली होती, हे सांगायला दुसरा मार्ग नाही.

टोमॅटोची गंमत तर ऐकण्यासारखी आहे. उन्हातून आणलेला गरम टोमॅटो थंड पाण्यात टाकला की आतली हवा आकसते आणि देठाच्या खाचेतून पाणी आत ओढलं जातं. पाण्यात जंतू असतील तर तेही आत जातात. एकदा आत गेले की जगातलं कुठलंही धुणं तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून टाकीचं पाणी फळाच्या गरापेक्षा पाच-सहा अंश सेल्सिअस गरम ठेवा असं शिकवतात. माल लवकर थंड व्हावा म्हणून बर्फाचं पाणी वापरणाऱ्याला हे ऐकून विश्वासच बसत नाही.

दुसरी गोष्ट शेताच्या शेजाराची. २००६ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पालकामुळे ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूच्या घातक प्रकाराची साथ पसरली. सुमारे दोनशे माणसं आजारी पडली आणि काही दगावली. तपास ज्या शेतापर्यंत गेला त्याच्या आसपास गुरं चरत होती आणि रानडुकरांचा वावर होता. तोच जंतू गुरांच्या शेणात, डुकरांच्या विष्ठेत आणि ओढ्याच्या पाण्यात सापडला. तो पाल्यावर नेमका कसा आला याचा छडा शेवटपर्यंत लागला नाही. पण पुढच्या कायद्यामागे जी प्रकरणं होती त्यांत हे ठळक होतं. तेव्हापासून वरच्या अंगाला कोण काय करतं, ओढा कुठून येतो, पुराचं पाणी कुठवर चढतं, हे नकाशावर दाखवणं शेताच्या अन्नसुरक्षेच्या लेखी आराखड्यात आलं.

तिसरी गोष्ट प्रयोगशाळेवरच्या आंधळ्या विश्वासाची. "माल टेस्ट करून घेऊ, रिपोर्ट आला की झालं," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. हिशेब करून बघा. समजा हजारातल्या एका फळावर जंतू आहेत. तुम्ही त्यातली ६० फळं तपासलीत. त्यात असं फळ सापडण्याची शक्यता सहा टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे शंभरातल्या ९४ वेळा रिपोर्ट "निर्दोष" म्हणेल आणि माल निघून जाईल. सगळी फळं तपासली तर विकायला काही उरणार नाही. १९६०च्या दशकात नासासाठी अंतराळवीरांचं अन्न बनवताना पिल्सबरी कंपनीपुढे हाच पेच होता. खात्री व्हावी इतके नमुने तपासायचे तर खायला फारसं शिल्लक राहत नव्हतं. त्यातून पुढे जी पद्धत निघाली तिला हॅसॅप म्हणतात: शेवटी माल तपासण्याऐवजी धोका कुठे शिरू शकतो ते आधी शोधा आणि त्या जागेवर पहारा ठेवा.

कारखान्यात ते जमतं, कारण तिथे दूध तापवण्यासारखी एक पायरी असते जिथे जंतू मरतात. शेतात तशी पायरीच नाही. काकडी कच्ची खाल्ली जाते. म्हणून सगळा भर आत येऊच न देण्यावर. प्रशिक्षणाचा गाभा एवढाच आहे.

आता बिल

प्रशिक्षणाची फी सहसा फार नसते. खरा खर्च पुढे होतो. तुम्ही शिकून आलात, पण फळ तोडणारे हात तुमचे नाहीत. त्या प्रत्येकाला त्याच्या भाषेत, वाचता येत नसेल तर चित्रं दाखवून शिकवावं लागतं, आणि तेवढ्या वेळाची मजुरी द्यावी लागते. हंगामात अर्धी टोळी बदलली की पुन्हा पहिल्यापासून.

मग आराखडा. कोणी सल्लागार गाठतात, आणि तो दुसऱ्या कुणाच्या शेताचा आराखडा नाव बदलून देतो. असे आराखडे पकडणं सोपं असतं: तुमच्याकडे विहीर आहे आणि कागदात कालवा आहे. स्वतः लिहिलेला, अक्षर वाकडं असलेला आराखडा माझ्या मते कधीही बरा. छापील नमुने फुकट मिळतात, आणि ते भरताना शेताकडे एकदा परक्याच्या नजरेनं बघितलं जातं, हा त्यातला खरा फायदा.

बांधकाम आणि सामान हा पहिल्या वर्षीचा मोठा घास. संडास, साबण आणि वाहत्या पाण्याची सोय, फवारणीच्या औषधांसाठी कुलूपबंद वेगळी खोली, गळणार नाही अशी जमीन, दिव्यांना आवरण म्हणजे काच फुटली तरी मालात पडणार नाही, लाकडी पेट्यांऐवजी धुता येणारे क्रेट. यातलं बरंचसं एकदाच होतं. पण क्रेट धुवायला रोज माणूस लागतो, आणि साबण संपतो.

प्रयोगशाळेचा खर्च पाण्याच्या स्रोतांवर आणि पिकांवर ठरतो. दोन विहिरी आणि एक तळं म्हणजे तीन नमुने. धुण्याच्या पाण्यात शंभर मिलिलिटरमागे ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये, ही अमेरिकेतल्या नियमाची अट आहे, आणि ती माप म्हणून कुठेही वापरण्यासारखी आहे. फवारणीच्या औषधांचे अवशेष तपासायचे तर खर्च आणखी चढतो, कारण एका नमुन्यात शेकडो रसायनं शोधावी लागतात. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहे का, म्हणजे तिच्याकडे आयएसओ १७०२५ आहे का, हे आधी विचारा. स्वस्तातला रिपोर्ट ऑडिटरनं नाकारला तर पैसे दुप्पट जातात.

आणि ऑडिटची फी. ती बहुधा दिवसांवर ठरते. त्यात ऑडिटरचा प्रवास आणि मुक्काम, योजनेची नोंदणी, अहवाल लिहिण्याचा वेळ येतो. दिवस किती, हे एकरांपेक्षा पिकं किती, जागा किती आणि पॅकहाऊस आहे की नाही यावर जास्त अवलंबून असतं. त्यामुळे दोन एकरांत बारा भाज्या घेणाऱ्याला वीस एकरांत एकच पीक घेणाऱ्यापेक्षा मोठं बिल येऊ शकतं. अंदाजपत्रक मागताना प्रवासखर्च धरून आणि न धरून, असे दोन्ही आकडे मागा. दाखला बारा महिन्यांचा असतो. पुढच्या वर्षी हेच सगळं पुन्हा, फक्त बांधकाम वजा.

ऑडिटरचा दिवस

सकाळी ओळख, मग शेतावर फेरी, मग कागद, शेवटी काय कमी आढळलं ते सांगणं. त्यात कधीतरी तो एखाद्या मजुराला बाजूला घेऊन सहज विचारतो, "हात कधी धुता?" मालकाकडे बघत दिलेलं उत्तर त्याला लगेच कळतं.

वह्यांचंही तसंच. वर्षभराच्या नोंदी एकाच पेनानं, एकाच अक्षरात, एकही डाग न पडता लिहिलेल्या असतील तर त्या आदल्या रात्री लिहिल्या आहेत हे सांगायला ऑडिटर लागत नाही. धो धो पावसाच्या दिवशी फवारणीची नोंद, आणि औषध विकत घेतल्याच्या तारखेआधी ते वापरल्याची नोंद, हे दोन प्रकार नेहमीचे. मातीचे बोट उमटलेली, दोन दिवस राहून गेलेली वही जास्त खरी वाटते.

ग्लोबलगॅपमध्ये मुद्द्यांच्या पायऱ्या आहेत. मोठ्या मुद्द्यांत शंभर टक्के पास व्हावं लागतं, छोट्या मुद्द्यांत ९५ टक्के. सर्टिफिकेट आधीपासून असेल तर राहिलेल्या त्रुटी दूर करायला २८ दिवस मिळतात. मोठ्या मुद्द्यांत माग काढता येणं येतं: या पेटीतलं फळ कोणत्या प्लॉटमधलं, कोणत्या दिवशी तोडलेलं, कोणाला विकलेलं. ऑडिटर एक पेटी उचलतो आणि म्हणतो, दाखवा. तिथे अर्धा तास घाम फुटतो. नीट नंबर टाकायची सवय असेल तर काम काही मिनिटांचं, आणि ही सवय जवळजवळ फुकट आहे: एक शिक्का, एक वही.

या फुकटच्या सवयीची किंमत उद्या साथ आली तर कळते. माग निघाला तर एका प्लॉटचा एका दिवसाचा माल परत बोलवावा लागतो, नाही निघाला तर सगळाच. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायनं पन्नासहून जास्त बळी घेतले. सुरुवातीला बोट स्पेनच्या काकड्यांकडे दाखवलं गेलं. खरं कारण मोड आलेली मेथी निघाली. तोवर काकडी पिकवणाऱ्यांचा हंगाम बुडाला होता.

९६ गुण

त्याच वर्षी अमेरिकेत कोलोरॅडोतल्या एका शेतावरच्या खरबुजांतून लिस्टेरिया या जंतूची साथ पसरली. २८ राज्यांत १४७ माणसं आजारी पडली, ३३ दगावली. त्या शेताचं ऑडिट जुलै २०११ मध्ये, म्हणजे साथीच्या अगदी तोंडावर, झालं होतं. पैकीच्या पैकी म्हणावं असे ९६ टक्के गुण आणि "उत्कृष्ट" असा शेरा.

नंतर सरकारी तपासनीस तिथे गेले. पॅकहाऊसच्या जमिनीवर पाणी साचत होतं. धुण्याचं यंत्र बटाट्यांसाठी आधी वापरलेलं, सेकंडहँड, आणि नीट साफ करता न येणारं होतं. शेतातून आलेली गरम खरबुजं शीतगृहात ठेवण्याआधी थंड करण्याची सोय नव्हती. यातलं काहीच लपवलेलं नव्हतं. ते ऑडिटच्या दिवशीही तिथेच उभं होतं.

मग ऑडिटला अर्थ काय? मला वाटतं, तो असा: ऑडिट तपासतं ते तपासणीच्या यादीत जे लिहिलंय तेवढंच, आणि तेही एका दिवसापुरतं. शिवाय ज्याची तपासणी करायची त्याच्याकडूनच ऑडिटरला फी मिळते, हा तिढा सगळ्याच खासगी योजनांत आहे. तो सैल करायला सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर वरून आयएसओ १७०६५ प्रमाणे मान्यतेचा चाप असतो आणि काही जागी न सांगता तपासणी होते. ग्लोबलगॅपमध्ये वैयक्तिक सर्टिफिकेट घेतलेल्यांपैकी १० टक्क्यांकडे अशी अचानक भेट दिली जाते. तिढा सुटतो असं नाही, सैल होतो. म्हणून हातात मोजके पैसे असतील तर मी आधी यंत्र साफ करता येतं का ते बघीन, फाइल नंतर नीट लावीन.

लहान शेतकऱ्याचं काय

त्याच्यासाठी हे प्रकरण चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होऊन बसतं. ऑडिटरचा दिवस दोघांनाही सारख्याच किमतीला पडतो. मोठा शेतकरी तो हजारो पेट्यांवर वाटतो, लहान शेतकरी शंभरावर. अमेरिकेच्या शेती खात्याने २०२२ मध्ये हे मान्य करून, वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत विक्री असलेल्या शेतांना खर्चाचा वाटा परत देणारी योजना काढली. लहान शेतांना सर्टिफिकेशनच्या खर्चाचे ७५ टक्के, ठरावीक मर्यादेपर्यंत. आपापल्या सरकारची किंवा खरेदीदाराची अशी काही सोय आहे का, हे आधी विचारावं. मात्र बहुतेक योजनांत पैसे आधी खिशातून जातात आणि मागाहून मिळतात, म्हणून पावत्या जपून ठेवाव्या लागतात.

दुसरी वाट गटाची. ग्लोबलगॅपमध्ये शेतकऱ्यांचा गट मिळून एकच सर्टिफिकेट घेऊ शकतो. बाहेरचा ऑडिटर सगळ्यांकडे जात नाही, सभासदसंख्येच्या वर्गमुळाइतक्या शेतांवर जातो. शंभर सभासद असतील तर दहा, चारशे असतील तर वीस. म्हणजे गट वाढतो त्या मानानं माणशी फी घटत जाते. ऐकायला हे फार छान वाटतं, पण अट मोठी आहे. गटाला स्वतःचा तपासनीस ठेवावा लागतो आणि त्यानं वर्षातून एकदा प्रत्येक सभासदाच्या शेतावर जायलाच हवं. त्याचा पगार, त्याचा पेट्रोल खर्च, गटाच्या कार्यालयातलं कागदपत्रांचं काम, हे सगळं वाटून घ्यावं लागतं. आणि एकानं बंदी असलेलं औषध मारलं तर शिक्षा सगळ्या गटाला होऊ शकते.

म्हणून गट जमवताना आधी जमिनी मोजू नयेत, माणसं बघावीत. ज्याच्या बांधावर तपासनिसानं जाऊन "ही फवारणी वहीत का नाही?" असं विचारलं तर जो चिडणार नाही, असा माणूस. असे पंचवीस निघाले तर बाहेरच्या ऑडिटरला पाचच शेतं बघावी लागतील. बाकी वीस शेतांची जबाबदारी त्या गटाच्या तपासनिसावर, आणि त्याची तपासणी नीट झाली नाही तर ऑडिटर त्याच्या वहीपासूनच सुरुवात करेल.